वसंत रामजी खानोलकर

हा लेख विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांच्याविषयी आहे. ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहिणारे साहित्यिक चिं. त्र्यं. खानोलकर यांच्यासाठी स्वतंत्र लेख पाहावा.

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, १८९५ – २९ ऑक्टोबर, १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि वैद्यकीय संशोधक होते. कर्करोग, कुष्ठरोग आणि मानवी रक्तगट या तीन विषयांतील त्यांचे कार्य मूलगामी मानले जाते. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते संचालक होते आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उभारणी त्यांनी केली. तंबाखू चघळणे, उलटा चुट्टा ओढणे, खैनी ओठाखाली धरणे अशा सवयींचा विशिष्ट ठिकाणच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यानिशी मांडला. भारतातील मुखकर्करोगाच्या प्रतिबंधाचा विचार आजही या मांडणीच्या आधाराने होतो.

जीवन आणि शिक्षण

खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल, १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वैद्यकाच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले. लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ मध्ये विकृतिशास्त्र या विषयात एम.डी. ही पदवी मिळवली. भारतीय विद्यार्थी तेव्हा परदेशी जात ते बहुधा शस्त्रक्रिया किंवा औषधवैद्यक शिकण्यासाठी. रुग्णाशी थेट संबंध न येणारे आणि खासगी व्यवसायात फारसे उत्पन्न न देणारे विकृतिशास्त्र निवडणारे थोडेच होते.

भारतात परतल्यानंतर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. सेठ गो. सुं. महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक अर्थात के.ई.एम. रुग्णालय परळ येथे १९२६ मध्ये सुरू झाले. ब्रिटिश वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्यांऐवजी भारतीय डॉक्टरांनी चालवलेली संस्था असे तिचे वैशिष्ट्य होते. भारतीय अध्यापक उच्च दर्जाचे अध्यापन व संशोधन करू शकतात हे दाखवून देणे, हे तिथे काम करणाऱ्या पहिल्या पिढीपुढचे आव्हान होते. खानोलकर या पिढीतील होते.

टाटा स्मारक रुग्णालय

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी, १९४१ रोजी सुरू झाले. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ कर्करोगावरील उपचारांची सोय भारतात व्हावी, ही सर दोराबजी टाटा यांची इच्छा या रुग्णालयाच्या मुळाशी होती. खानोलकर या रुग्णालयात प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालक म्हणून रुजू झाले.

कर्करोग हा मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील रोग असून भारतात तो विरळ आहे, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. सरासरी आयुर्मान कमी असल्यामुळे उतारवयातील रोग कमी दिसत. शिवाय अनेक रुग्णांचे निदानच होत नसे, आणि झाले तरी त्याची नोंद राहत नसे. नाथ आणि ग्रेवाल यांनी १९३०च्या दशकात देशातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून ही समजूत खोटी असल्याचे दाखवले होते. टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर मात्र देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील, धर्मांतील व जातींतील कर्करोगग्रस्त एकाच छताखाली येऊ लागले. प्रत्येकाच्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत तपासला जाऊ लागला. रुग्णाचा प्रांत, समाज, आहार आणि व्यसने यांची नोंद निदानाशेजारी ठेवली, तर त्यातून रोगाचे कारण सापडू शकते, हे खानोलकर यांनी ओळखले.

सवयी आणि कर्करोग

मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा खानोलकर यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य रुग्णालयांत तोंडाचा कर्करोग एकूण कर्करोगांत अल्प प्रमाणात आढळत असे. मुंबईत मात्र तो प्रमुख कर्करोगांपैकी एक होता. गाल, हिरड्या, जीभ, टाळू यांपैकी नेमक्या कोणत्या जागी रोग सुरू होतो, हेही रुग्णाच्या प्रांतानुसार व सवयीनुसार बदलताना दिसत होते.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी भारतीय रूढींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन केले.

* कठीण टाळूचा कर्करोग: आंध्रच्या किनारी भागात, विशेषतः विशाखापट्टणमच्या परिसरात, चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची पद्धत आहे. ही सवय स्त्रियांमध्येही मोठ्या प्रमाणात आढळते. उष्णता व धूर सतत टाळूवर आदळत राहतात. इतरत्र क्वचित आढळणारा टाळूचा कर्करोग या भागात वारंवार दिसतो.
* खालच्या ओठाच्या आतील बाजूचा कर्करोग: बिहार व लगतच्या प्रदेशात तंबाखू व चुना तळहातावर मळून केलेली खैनी खालचा ओठ आणि हिरडी यांमधील खोबणीत ठेवतात. नेमक्या त्याच जागी कर्करोग उद्भवतो.
* धोतराचा कर्करोग: कमरेभोवती धोतर वर्षानुवर्षे घट्ट बांधल्याने त्वचेवर घर्षण होते. तेथील त्वचेचा रंग उडतो, ती जाड होते आणि क्वचित तिचे रूपांतर कर्करोगात होते.

काश्मीरमध्ये अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरल्याने पोटाच्या व मांडीच्या त्वचेवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होता. खानोलकर आणि सूर्याबाई यांच्या कामामुळे अशी सुटी उदाहरणे एका सूत्रात आली. क्षोभक पदार्थ किंवा घर्षण शरीराच्या ज्या भागाला वर्षानुवर्षे लागते, त्याच भागात रोग सुरू होतो, हे ते सूत्र होय. याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा होता: सवय सोडली तर रोगही टळू शकतो.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावरील ब्रिटन व अमेरिकेतील गाजलेले अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९५५ मध्ये एल. डी. संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात मुंबईतील रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास मांडला. कर्करोगग्रस्त आणि कर्करोग नसलेले अशा दोन गटांच्या सवयी त्यांनी ताडून पाहिल्या. तंबाखू चघळण्याचा संबंध प्रामुख्याने तोंडाच्या कर्करोगाशी, तर धूम्रपानाचा संबंध जिभेच्या मुळाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असल्याचे त्यात दिसून आले. पाश्चात्त्य देशांतील चर्चा सिगारेटभोवती फिरत असताना न जळणाऱ्या तंबाखूचा धोका या अभ्यासाने पुढे आणला.

मुखातील तंतुमयता

सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडातील आवरण पांढुरके व ताठर होते, तिखट सहन होत नाही आणि हळूहळू तोंड उघडणे अवघड होते. हा विकार भारतात १९५३ मध्ये मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी वर्णिला. पुढे तो कर्करोगपूर्व विकार म्हणून ओळखला जाऊ लागला. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सत्यवती सिरसाट यांनी या विकारातील ऊतींचा अभ्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केला. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उंदरांच्या टाळूला लावून तसे बदल घडतात का, हेही त्यांनी तपासले आणि त्याचे निष्कर्ष १९६० मध्ये प्रसिद्ध केले. या विकाराचे मुख्य कारण मिरची नसून सुपारी आहे, असे पुढील संशोधनातून ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला.

सूक्ष्मदर्शकाखालील निदान

कर्करोगाच्या उपचारात निदानाइतकाच रोगाचा पसारा महत्त्वाचा असतो. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी लसीकावाहिन्यांतून किंवा रक्तातून दूर जाऊन नव्या जागी वाढू लागतात. या प्रसाराला मेटास्टॅसिस म्हणतात. तोंडाचा कर्करोग प्रथम मानेतील लसीका ग्रंथींत उतरतो. स्तन, पुरःस्थ ग्रंथी आणि फुप्फुस यांचे कर्करोग, तसेच लहान मुलांतील न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग अनेकदा हाडांत आणि अस्थिमज्जेत पोहोचतो. अशा प्रसारामागे पेशी आणि ती जिथे रुजते ती जागा या दोहोंचा वाटा असतो, अशी मांडणी इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये केली होती.

जिवंत रुग्णाच्या अस्थिमज्जेचा नमुना घेणे १९२०च्या दशकाच्या अखेरीस सुलभ झाले. रशियन वैद्य मिखाईल अरिंकिन यांनी उरोस्थीत सुई घालून मज्जा ओढून घेण्याची पद्धत रूढ केली. पुढे कमरेच्या हाडाच्या मागील कडेतून नमुना घेण्याची पद्धत अधिक सुरक्षित म्हणून प्रचलित झाली. ओढलेल्या मज्जेचा थर काचपट्टीवर पसरून तो रंगवतात. रक्तपेशी घडवणाऱ्या मज्जेतील पेशी सुट्या सुट्या असतात. कर्कपेशी मात्र पुष्कळदा एकमेकींना चिकटून पुंजक्यांनी दिसतात. त्यांचे केंद्रक मोठे, अनियमित आणि गडद रंगलेले असते. हे पुंजके थराच्या कडेला किंवा शेपटाकडे जमा होण्याची शक्यता अधिक असल्याने काचपट्टी कडेपर्यंत तपासावी लागते. कर्कपेशींमुळे मज्जेत तंतू वाढले असतील, तर सुईत काहीच येत नाही. अशा वेळी हाडाचा बारीक दंडगोल काढतात, त्यातील खनिज विरघळवतात आणि त्याचे पातळ काप करून पाहतात.

खानोलकर यांच्या कार्यकाळाच्या मोठ्या भागात या कामासाठी रंगद्रव्ये, सूक्ष्मदर्शक आणि अनुभवी नजर एवढीच साधने होती. एकपेशीय प्रतिपिंडे तयार करण्याचे तंत्र १९७५ मध्ये विकसित झाले. त्यानंतर आवरण पेशींतील केराटिन प्रथिने रंगवून लक्षावधी मज्जापेशींमधील एखाददुसरी परकी पेशी शोधणे शक्य झाले. मज्जेत ठरावीक कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तर रोग मूळ जागेपुरता राहिलेला नाही हे कळते. त्यानुसार शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांचा क्रम बदलतो. विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल थेट उपचाराची दिशा ठरवतो तो असा. म्हणूनच कर्करोग रुग्णालयाच्या मध्यभागी प्रयोगशाळा असावी, ही टाटा स्मारक रुग्णालयातील रचना पुढील काळातही टिकून राहिली.

कुष्ठरोगावरील संशोधन

निरोगी दिसणाऱ्या ऊतीत दडलेले थोडे जीवाणू शोधणे हे खानोलकर यांच्या कुष्ठरोगावरील संशोधनाचे सूत्र होते. नॉर्वेचे गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जीवाणू शोधला होता. तथापि तो शरीरात कसा पसरतो, हे स्पष्ट नव्हते. खानोलकर यांनी रोगाच्या अगदी सुरुवातीच्या, फिकट व नगण्य वाटणाऱ्या चट्ट्यांचे नमुने बारकाईने तपासले. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधात अशा चट्ट्यांतील सूक्ष्म मज्जातंतूंमध्ये जीवाणू असल्याचे दाखवले आहे. जीवाणू त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांतून आत शिरतात आणि तंतूंच्या मार्गाने वर सरकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. जीवाणू तंतूच्या नेमक्या कोणत्या पेशीत राहतात, याविषयीचे मत पुढील संशोधनाने बदलले. मात्र कुष्ठरोग हा आरंभापासून मज्जातंतूंचा रोग आहे, ही दृष्टी प्रस्थापित होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. बधिर हातापायांना होणाऱ्या जखमा आणि त्यातून येणारी विकृती यांचे मूळ त्यातून समजते.

सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतीपासून एक आम्लस्थायी जीवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. संशोधन केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आय.सी.आर.सी. जीवाणू असे नाव पडले. हा जीवाणू कुष्ठरोगाचाच आहे की नाही, याविषयी मतभेद राहिले. पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील एक लस तयार करण्यात आली.

रक्तगट आणि आनुवंशिकता

एकाच शहरात राहणाऱ्या, पण आपापसांतच विवाह करणाऱ्या समाजांत रोगांचे प्रमाण वेगळे का असते, हा प्रश्न कर्करोगाच्या नोंदींतूनच पुढे आला. संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांतील सात आनुवंशिक लक्षणांची पाहणी केली. भारतीय लोकसमूहांच्या आनुवंशिकतेचा रक्तगटांच्या आधारे झालेला हा आरंभीचा पद्धतशीर अभ्यास आहे. बॉम्बे रक्तगट या नावाने प्रसिद्ध असलेला दुर्मीळ रक्तगट मात्र १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिला. तो खानोलकर यांचा शोध नाही.

संस्था आणि शिष्य

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले. त्याची आखणी व संचालन खानोलकर यांनी केले. टाटा स्मारक रुग्णालय १९५७ मध्ये आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था यांचे टाटा स्मारक केंद्र या नावाने एकत्रीकरण झाले.

या केंद्रात खानोलकर यांनी निरनिराळ्या विद्याशाखांतील तरुण एकत्र आणले. त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून आल्यावर त्यांनी केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विभाग नावारूपास आणला. संघवी यांनी मानवी आनुवंशिकता व रोगपरिस्थितिविज्ञान या शाखांचा पाया घातला.

भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ संघटनेचे खानोलकर हे संस्थापक अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. अणुऊर्जा आयोगाच्या जीवशास्त्रीय व वैद्यकीय सल्लागार समितीचे ते अध्यक्ष होते. अणुकिरणांच्या परिणामांविषयी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर त्यांचे १०० हून अधिक शोधनिबंध आणि ३ ग्रंथ आहेत.

विदर्भाच्या संदर्भात

खानोलकर यांनी अभ्यासलेले दोन्ही रोग चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत आजही सार्वजनिक आरोग्याचे प्रश्न आहेत. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या झाडीपट्टीतील भातशेतीच्या तालुक्यांत आणि लगतच्या गडचिरोलीत खर्रा खाण्याची सवय सर्वदूर आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून खर्रा तयार करतात आणि तो बराच वेळ गालात धरतात. त्यात तंबाखू व सुपारी एकत्र येतात. त्यामुळे १९४४ च्या आढाव्यातील मुखकर्करोग आणि पुढे अभ्यासलेली मुखातील तंतुमयता, असे दोन्ही धोके एकाच सवयीत आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. गडचिरोली जिल्ह्यात दारू व तंबाखूच्या नियंत्रणासाठी २०१६ पासून मुक्तिपथ हा उपक्रम राबवला जातो.

नागभीडसारख्या तालुक्यातील रुग्णाला ऊतितपासणी, अस्थिमज्जेची तपासणी किंवा किरणोपचार यांसाठी सामान्यतः नागपूर गाठावे लागते. तेथील प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. चिमूरच्या परिसराशी निकटचा संबंध असलेल्या तुकडोजी महाराजांचे १९६८ मध्ये कर्करोगानेच निधन झाले. तोंड पूर्ण उघडत नसणे, गालात पांढरा चट्टा येणे किंवा न भरणारी जखम होणे ही लक्षणे गावातच ओळखली गेली, तर रोग मानेतील ग्रंथींपर्यंत पोहोचण्याआधी उपचार होऊ शकतात.

कुष्ठरोगाच्या बाबतीतही हा प्रदेश महत्त्वाचा आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. ज्या काळात आनंदवनात रुग्णांच्या पुनर्वसनाचे काम सुरू झाले, त्याच काळात मुंबईच्या प्रयोगशाळेत खानोलकर रोगाच्या पहिल्या चट्ट्याचा अभ्यास करत होते. बधिर चट्टा वेळीच ओळखून उपचार सुरू केल्यास विकृती टाळता येते. आजच्या कुष्ठरोग शोध मोहिमांचा आधार हाच आहे.

सन्मान आणि स्मृती

* भारत सरकारने खानोलकर यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरवले.
* भारत सरकारने त्यांची वैद्यक या विषयाचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून दहा वर्षांसाठी नियुक्ती केली.
* राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान अकादमीतर्फे त्यांच्या नावाने व्याख्यान आयोजित केले जाते.
* नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संकुलातील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे.

खानोलकर यांचे २९ ऑक्टोबर, १९७८ रोजी निधन झाले.

हे सुद्धा पहा

* कमल रणदिवे
* टाटा स्मारक रुग्णालय
* मुखाचा कर्करोग
* अस्थिमज्जा
* कुष्ठरोग
* आनंदवन